कोआ, गुरे आणि गिटार

कोआ हा बाभळीच्या कुळातला वृक्ष. तो मूळचा फक्त हवाई बेटांवरचा आहे. जगात इतरत्र कुठेही तो आपोआप उगवत नाही. रोप कोवळे असताना त्याला बाभळीसारखी बारीक, पिसासारखी संयुक्त पाने येतात. झाड वाढू लागले की ही पाने गळतात आणि त्यांचे देठच चपटे होऊन, कोयत्याच्या पात्यासारखे वाकून पानांचे काम करू लागतात. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ज्याने पाहिली आहे, त्याला कोआची ही वाकडी पाने लगेच ओळखू येतील. मात्र जुना कोआ तीस मीटर उंच जातो. त्याचे लाकूड सोनेरी तपकिरीपासून तांबूस रंगापर्यंतचे असते आणि त्यात काळपट रेघा असतात. काही ओंडक्यांत लाकडाचे धागे लाटांसारखे वळलेले असतात. अशी फळी उजेडात तिरपी केली की तिच्यावरून प्रकाशाचे पट्टे सरकताना दिसतात.

साधारण गिटारीत पुढची फळी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची आणि पाठ व बाजू शिसवी किंवा महोगनीच्या असतात. हवाईच्या परंपरेतल्या गिटारीत पुढची फळी, पाठ आणि बाजू अशी सगळीच कोआची असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या एकतृतीयांश काळात अशा लहान अंगाच्या कोआच्या गिटारी अमेरिकेत खूप बनल्या आणि नंतर जवळजवळ थांबल्या. त्यांचा इतिहास हवाईतल्या गुरांशी बांधलेला आहे. गिटार या बेटांवर आली ती गुरांच्या पाठोपाठ, आणि कोआची जंगले गेली तीही मोठ्या प्रमाणात गुरांमुळेच.

वाद्याचे लाकूड होण्याआधी कोआ हे होडीचे लाकूड होते. हवाईच्या भाषेत ‘कोआ’ या शब्दाचा अर्थ शूर किंवा योद्धा असाही होतो. एका ओंडक्यातून कोरलेली लांब होडी हे बेटांवरच्या समाजाचे सर्वांत मोलाचे साधन होते आणि ती कोरणारा कारागीर हा पुरोहिताच्या मानाचा माणूस होता. झाड पाडल्यावर तो एलेपाइओ नावाच्या लहानशा रानपक्ष्याकडे लक्ष ठेवत असे. पक्षी नुसता खोडावरून चालत गेला तर लाकूड निरोगी समजायचे. थांबून चोच मारू लागला तर आत किडे आहेत असे मानून ते खोड सोडून द्यायचे. हा पक्षी किडे खाणारा असल्यामुळे या रिवाजाला निरीक्षणाचा भक्कम आधार होता. लाटांवर स्वार होण्याच्या फळ्याही कोआच्या असत. राजघराण्याच्या काळात फर्निचरसाठीही त्याला मान मिळाला. होनोलुलूमध्ये १८८२ मध्ये पूर्ण झालेल्या इओलानी राजवाड्यातला मुख्य जिना कोआचा आहे.

गुरे या बेटांवर मुळात नव्हती. १७९३ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर याने पहिला कामेहामेहा राजा याला काही गुरे भेट दिली आणि पुढच्या वर्षी आणखी आणली. त्यांची पैदास व्हावी म्हणून राजाने ती मारण्यावर बंदी घातली. बेटांवर गुरांना खाणारे एकही जनावर नव्हते. काही दशकांत रानटी कळपांची संख्या हजारांवर गेली. ते शेते तुडवू लागले आणि डोंगरउतारांवरच्या जंगलात शिरले. त्यांना आवरण्यासाठी १८३० च्या दशकात मेक्सिकोच्या ताब्यातल्या कॅलिफोर्नियातून घोड्यावरून फासा टाकणारे गुराखी बोलावण्यात आले. स्पॅनिश बोलणाऱ्या या माणसांना हवाईत ‘पानिओलो’ हे नाव पडले; ‘एस्पान्योल’ म्हणजे स्पॅनिश या शब्दाचे ते स्थानिक रूप आहे. त्यांच्याबरोबर गिटार आली. ते गुराखी परतले तरी वाद्य मागे राहिले. स्थानिक वादकांनी काही तारा उतरवून, मोकळ्या तारांतूनच सुरेल स्वरमेळ निघेल अशी जुळणी बसवली. हवाईच्या गिटारवादनातली ही पहिली स्वतंत्र वाट होती. या काळातल्या गिटारी बाहेरून आलेल्या होत्या. त्या घडवणारे सुतार बेटांवर यायला आणखी अर्धे शतक जायचे होते.

ते आले उसाच्या मळ्यांसाठी. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज चार महिन्यांचा प्रवास करून होनोलुलूला पोचले. त्यात पोर्तुगालच्या मडेरा बेटावरचे चारशेहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुले होती. मजुरीच्या करारावर आलेल्या या लोकांत मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो इस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. मडेरात माशेत नावाचे चार तारांचे आणि राजांव नावाचे पाच तारांचे लहान वाद्य घरोघरी वाजत असे. जहाज लागल्यावर दोनच आठवड्यांत होनोलुलूच्या वृत्तपत्रात या मंडळींच्या रस्त्यावरच्या रात्रीच्या मैफलींची बातमी आली. मळ्यावरचा करार संपल्यावर तिघेही शहरात परतले आणि १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फर्निचर आणि वाद्ये बनवण्याची दुकाने चालवू लागले.

इथे कोआ पहिल्यांदा नियमितपणे तारवाद्यात आला. लाकूड निवडताना या सुतारांनी नादाचा शोध घेतला असे मानायला आधार नाही. कपाटे आणि खुर्च्या ते ज्या लाकडाच्या करत होते तेच हाताशी होते, त्याचे स्वभाव हाताला माहीत होते आणि वाद्याला लागणारे लहान तुकडे फर्निचरच्या कामातूनही निघत. माशेतचा आकार आणि राजांवच्या तारांची जुळणी यांच्या मिलाफातून युकुलेले तयार झाले. राजा कालाकाउआ याने या नव्या वाद्याला आश्रय दिला. १८८१ मध्ये जगाची प्रदक्षिणा करताना कोलकाता आणि मुंबई पाहून गेलेला हा राजा संगीताचा मोठा भोक्ता होता आणि स्वतः गीते रचत असे. मिशनऱ्यांच्या दबावाखाली मागे पडलेले हुला नृत्य त्याने पुन्हा दरबारात आणले. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात त्या नृत्याला युकुलेलेची साथ होती. परदेशी वाद्य, देशी लाकूड आणि राजाचा मान अशा तिन्ही गोष्टी जुळल्या आणि युकुलेले हवाईचे झाले. १८९३ मध्ये राज्य उलथवले गेले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली, त्यानंतर तर कोआचे वाद्य ही गेलेल्या राज्याची खूण ठरली.

गिटारीला मात्र आणखी एक वळण घ्यायचे होते. १८८९ च्या सुमारास ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू हा शाळकरी मुलगा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी तुकडा फिरवू लागला. भारतात जन्मलेल्या गेब्रिएल डेव्हियन या तरुणालाही काही जुन्या आठवणींत या पद्धतीचे श्रेय दिलेले आहे. ती रुजवली आणि नावारूपाला आणली ती केकुकूने. बोटांनी पडद्यांवर तार दाबण्याऐवजी सळई तारेवरून सरकवल्यामुळे स्वर एकातून दुसऱ्यात ओघळत जातो. भारतीय कानाला ही मींड सहज कळते. सळई पडद्यांना लागू नये म्हणून तारा उंच उचलाव्या लागतात आणि आवाज दूर पोचावा म्हणून त्या पोलादी असाव्या लागतात. त्या काळच्या बहुतेक चांगल्या गिटारी आतड्याच्या तारांसाठी बांधलेल्या, हलक्या असत. सहा पोलादी तारांची एकत्र ओढ सुमारे सत्तर किलोपर्यंत जाते. ती सोसेल अशी गिटार हवी, ही मागणी हवाईच्या संगीताने पुढे आणली.

ती मागणी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोचली १९१५ मध्ये. पनामा कालवा खुला झाल्यानिमित्त सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाला १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. हवाईच्या दालनात रोज गिटार आणि युकुलेले वाजत होते. होनोलुलूचे वाद्यनिर्माते जोना कुमालाए यांच्या युकुलेलेला तिथे सुवर्णपदक मिळाले आणि पुढे त्यांच्या वाद्यांच्या माथ्यावर त्या पदकाची खूण झळकू लागली. १९१६ मध्ये हवाईच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्यांत होत्या. त्याच वर्षी सॅम्युएल कामाका यांनी होनोलुलूत युकुलेलेचा कारखाना काढला. तो त्यांच्या घराण्याकडे आजही चालू आहे. ग्राहकाला आता नुसते वाद्य नको होते, हवाईचे दिसणारे वाद्य हवे होते. म्हणजे ते कोआचेच असायला हवे होते. बेटांवर सोयीने निवडलेले लाकूड आता बाहेरच्या बाजारात अस्सलपणाचा पुरावा झाले.

पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीची गोष्ट या बदलाचे नेमके दर्शन घडवते. जर्मनीतून आलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांनी १८३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेला हा कारखाना स्प्रूस आणि ब्राझिलच्या शिसवीत मुरलेला होता. १९०७ मध्ये त्यांनी युकुलेले करून पाहिले, पण ते गिटारीसारखे जड बांधल्यामुळे आणि स्प्रूसच्या फळीमुळे ठोकळ्यासारखे वाजले. १९१६ मध्ये हलक्या बांधणीची महोगनीची युकुलेले त्यांनी बाजारात आणली आणि ती उचलली गेली. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया म्युझिक कंपनीने त्यांच्याकडे कोआच्या गिटारींची मागणी नोंदवली. त्यातून मार्टिनचे ०-१८के आणि ०-२८के हे दोन नमुने आले. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बनत होते. नावातला ‘के’ म्हणजे कोआ आणि शून्य म्हणजे अंगाचे माप. या गिटारीचा खालचा, सर्वांत रुंद भाग सुमारे ३४ सेंटिमीटर भरतो. आज सर्रास दिसणाऱ्या ड्रेडनॉट गिटारीत तो जवळजवळ ४० सेंटिमीटर असतो. मार्टिनच्या नेहमीच्या गिटारी आतड्याच्या तारांवर असताना कोआच्या या गिटारी आधीच पोलादी तारांसाठी बांधल्या जात होत्या. पुढच्या दशकात त्या कारखान्याची सगळीच बांधणी पोलादी तारांकडे वळली, तिची पूर्वतयारी या लहान गिटारींत झाली.

अशी गिटार घडते कशी, हे पाहिले की या लाकडाचे गुण आणि खोड्या दोन्ही कळतात. ओंडका चिरताना करवत गाभ्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या रेषेत चालवतात. त्यामुळे फळीत धागे उभे येतात आणि वाळताना ती कमी वाकते. एक जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि दोन्ही पाने कडेला कड लावून सरसाने जोडतात. डावीकडची रेघ उजवीकडे आरशातल्यासारखी उमटते. मग पुढची फळी रंध्याने उतरवत अडीच-तीन मिलिमीटरवर आणली जाते. कारागीर मधूनमधून ती दोन बोटांत अलगद धरून पेराने टकटक करतो. जाड फळी बद्द बोलते. हवी तितकी उतरली की तोच ठोका क्षणभर लांबतो आणि फळी घुमू लागते. लाटांच्या कोआवर रंधा जपून चालवावा लागतो, कारण धागा कधी वर तर कधी खाली वळलेला असतो आणि उलट्या बाजूने पाते गेले की कपचा उडतो. म्हणून शेवटचा हात पोलादी पट्टीने खरवडून फिरवतात.

बाजूच्या पट्ट्या जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतात. त्या ओल्या करून आतून तापवलेल्या नळीवर दाबत वळवतात. पुरेशी उष्णता लागली की लाकूड एकदम सैल पडते. ते आधी हाताला कळते, मग डोळ्यांना दिसते. लाटांच्या फळीत धागा जिथे पृष्ठभागाबाहेर येतो तिथेच चीर पडायची भीती असते. लहान गिटारीत तर कमरेचा वळसा अधिक आवळलेला, म्हणून धोका जास्त. सर्वांत देखणी फळी हीच वळवायला सर्वांत अवघड असते. पुढच्या फळीला आतून स्प्रूसच्या काठ्या फुलीच्या आकारात चिकटवतात. ही पद्धत मार्टिनच्या कारखान्यात १८४० च्या दशकात रुळली होती. काठ्या टोकांकडे निमुळत्या तासतात, म्हणजे मध्ये ताण सोसला जातो आणि कडा हलायला मोकळ्या राहतात. शेवटी कडेला पांढऱ्या-काळ्या तुकड्यांची दोरीच्या पिळासारखी नक्षी बसवली जाई. ही नक्षी हवाईच्या कारागिरांच्या वाद्यांवर खास करून दिसते.

नादाचा विचार केला तर कोआ मधल्या पायरीवर बसतो. त्याचे वजन घनमीटरला साधारण ६०० किलो, म्हणजे महोगनीच्या आसपास. भारतीय शिसव आठशेच्या पुढे जाते आणि स्प्रूस साडेचारशेच्याही आत राहते. स्प्रूसची फळी हलकी आणि त्या मानाने ताठ असल्यामुळे तारेची ऊर्जा झटकन हवेत सोडते. कोआची फळी जड असल्यामुळे एकूण आवाज थोडा कमी होतो आणि वरचे उपस्वर आवरले जातात. मधले आणि वरचे स्वर मात्र स्वच्छ, गोल उमटतात. लहान पोटात हवा कमी असल्यामुळे खर्ज मर्यादित राहतो. मांडीवरच्या गिटारीची धून मुख्यतः वरच्या तारांवर चालते, तेव्हा खर्जाची ही उणीव तिला बाधत नाही. उलट ओघळणारा स्वर सुटा आणि ठळक ऐकू येतो. कोआची नवी गिटार थोडी टोकदार बोलते आणि वाजवत गेल्यावर मऊ होते, असा वादकांचा अनुभव आहे. बेटांवर सोयीने सुरू झालेल्या निवडीला अशी नादाची बाजूही नंतर सापडली.

लॉस एंजेलिसमध्ये जर्मन कारागीर हर्मन वाइसेनबोर्न यांनी याच लाकडातून वेगळा मार्ग काढला. गिटार मांडीवरच वाजणार असेल तर दांडी हातात धरण्याजोगी असायची गरज नाही, म्हणून त्यांनी दांडीही पोकळ ठेवली. पोटातली हवा माथ्यापर्यंत गेली आणि बारीक अंगाच्या वाद्यातून भरदार आवाज निघाला. १९२० च्या दशकात त्यांच्या कोआच्या गिटारींना मोठी मागणी होती. मांडीवरची गिटार वाजवणारे लोक आजही त्या जुन्या नगांचा शोध घेतात आणि कारागीर त्यांच्या मापांवरून नव्या बांधतात.

१९२९ च्या मंदीने हा सगळा व्यापार खिळखिळा केला. १९३२ च्या सुमारास बाजारात आलेली विजेवरची पहिली यशस्वी गिटार ही मांडीवर वाजवण्याची, ओतीव अॅल्युमिनियमची होती. आवाज आता विजेने वाढू लागल्यावर घुमणाऱ्या फळीची गरज उरली नाही. जी मागणी कोआच्या गिटारीने पूर्ण केली होती, तीच नव्या वाद्याकडे गेली. १९३७ मध्ये वाइसेनबोर्न वारले.

वाजवण्याची पद्धत मात्र दूर पसरली. हवाईचे कलावंत टाऊ मो यांचे कुटुंब जगभर कार्यक्रम करत भारतात आले आणि १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ‘हवाईयन गिटार’ नावाने हे वाद्य रुळले. व्हॅन शिपले यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ते महाराष्ट्रात घरोघरी पोचवले. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीत मांडले आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ते संतूर व बासरीच्या बरोबरीने ऐकू आले. लाकडाच्या बाबतीत प्रवास उलटा झाला. ब्राझिलची शिसव मिळेनाशी झाल्यावर १९६९ च्या सुमारास मार्टिन कंपनीने भारतीय शिसव स्वीकारली आणि दक्षिण भारतातले हे लाकूड जगभरच्या गिटारींचे नेहमीचे लाकूड झाले. कोआला मात्र ती जागा मिळणे शक्य नव्हते, कारण तोपर्यंत तो फार थोडा उरला होता.

जंगल कमी होण्याचे कारण गिटार नव्हती. एका लहान गिटारीला जेमतेम काही फळ्या लागतात. उसाच्या मळ्यांसाठी आणि इमारतींसाठी तोड झाली, पण झाड तोडल्यावर किंवा म्हातारे होऊन पडल्यावर त्या जागी नवे उगवू न देणारी गोष्ट म्हणजे गुरे. कोआची कोवळी रोपे गुरांना अतिशय आवडतात. एकोणिसाव्या शतकापासून डोंगरउतारांवर मोठी कुरणे पसरली. तिथली जुनी झाडे एकेक करून गेली आणि त्यांच्या खाली गवत वाढले. विसाव्या शतकाच्या अखेरीस वाद्यासाठी मिळणारा कोआ बहुतेक अशाच कुरणांतल्या मेलेल्या, पडलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या झाडांचा होता. त्यातून निघणाऱ्या फळ्या अनेकदा अरुंद. लहान अंगाची गिटार आणि युकुलेले यांना त्या पुरतात, मोठ्या गिटारीला पुरत नाहीत. त्यामुळे टंचाईच्या काळातही हे लाकूड लहान वाद्यांत टिकून राहिले.

परतीची वाट जमिनीतच होती. कोआच्या बीचे कवच इतके कठीण असते की बी मातीत दशकानुदशके जिवंत पडून राहते. कुरणाला कुंपण घालून गुरे बाहेर काढली आणि गवताखालची माती उकरून मोकळी केली, की कधीच नाहीशा झालेल्या झाडांची रोपे वर येतात. हे झाड बाभळीच्या इतर भावंडांसारखे मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते, म्हणून त्याच्या सावलीत बाकीचे जंगलही सावरते. हवाई बेटावर १९८५ मध्ये जुन्या कुरणांच्या जमिनीवर स्थापन झालेल्या हाकालाऊ अभयारण्यात रानपक्ष्यांसाठी देशी झाडांची मोठी लागवड झाली आहे. तिच्यात कोआ आघाडीवर आहे. २०१५ मध्ये टेलर गिटार्स आणि लाकूड चिरणारी पॅसिफिक रिम टोनवुड्स या दोन कंपन्यांनी कोआच्या लागवडीसाठी आणि फळ्यांसाठी एकत्र संस्था काढली. तिला तेव्हा नाव दिले ‘पानिओलो टोनवुड्स’: ज्या गुराख्यांनी या बेटांवर गिटार आणली, त्यांचेच नाव. वाद्याला योग्य खोड तयार व्हायला निदान चाळीस-पन्नास वर्षे लागतात. आज कुंपणाआड वाढणाऱ्या रोपांची गिटार पुढच्या पिढीतले कारागीर घडवतील.